वारं अंगावर घेणारी

इंद्रायणी केंगले पळते, हे तिच्या वाडीला पहिल्यांदा कळलं ते हिरड्याच्या हंगामात. डिंभे धरणाच्या वर, आहुप्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दोन डोंगर आत तिची वाडी. वाळवलेल्या हिरड्याची पोती शिवून तयार होती आणि खाली रस्त्यावर व्यापाऱ्याची जीप निघायच्या बेतात होती. तिचा बाप जानकू कड्यावरून हाका मारत राहिला, पण आवाज दरीत विरून जात होता. बारा वर्षांची इंद्रायणी हातातली पाटी टाकून सुटली. जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून ती उभी राहिली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मागं काय वाघ लागला व्हता का गं?"

"थांबा," एवढंच ती म्हणाली. मग मागं वळली आणि बापाला पोत्यांसाठी हात द्यायला तशीच पुन्हा चढून गेली.

पुढं आश्रमशाळेत ती सगळ्या शर्यती जिंकायची, आणि तालुक्याच्या स्पर्धेत घोडेगावला रामदास सरांच्या नजरेत भरली. रामदास सर मंचरचे. शाळेत पी. टी. शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सह्यगिरी क्रीडा मंडळ नावाचं स्वतःचं मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे काय, तर एक शिट्टी, एक घड्याळ आणि सर. पण माणूस झपाटलेला होता. ते वाडीवर चालत आले, जानकूच्या ओट्यावर बसले, नाचणीची भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "ही पोर मला द्या. माझ्या घरामागं खोली आहे. माझ्या बायकोच्या नजरेखाली राहील. हिला मी देशासाठी पळवतो."

आई कोंडाबाई चुलीपासून म्हणाली, "देशासाठी पळू दे, पन जेवायला कोन घालंल?"

"मी," सर म्हणाले. तो शब्द त्यांनी पाळला, हे इंद्रायणी नंतरसुद्धा कधी नाकारत नसे.

त्या खोलीत आधीच एक मुलगी राहत होती. प्रतिभा वाळुंज, लोणीची. तिचे वडील चांगदेव वाळुंज बागायतदार नव्हते, लोणीकडं पाणीच कुठं होतं तेव्हा. पण घर जुनं, भावकी मोठी, आणि गावात शब्दाला वजन. मुलीनं चड्डी घालून पळायचं यावरून भावकीत कुरबुर झाली तेव्हा चांगदेव म्हणाले होते, "तुमची पोरं एस. टी.मागं पळत्यात ते चालतंय, माझी पोरगी घड्याळामागं पळंल." दोघी त्यांना आण्णा म्हणायच्या. ते दर गुरुवारी मंचरच्या बाजाराला आले की दोन डबे आणायचे. एक प्रतिभेला, एक इंद्रायणीला. दोन्हीत सारखंच असायचं, आणि प्रतिभेनं कधी तक्रार केली नाही.

दोघी आठ वर्षं त्या एका खोलीत राहिल्या. पहाटे कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं महाळुंगे पडवळच्या दिशेनं जायचं आणि यायचं. सर मागून लुनावर. उन्हाळ्यात कांद्याचे ट्रक हायवेला लागायच्या आत परतायचं. इंद्रायणी बारीक, काटक, चढाला न थकणारी. एका लयीत तास तास पळू शकायची. प्रतिभा उंच, लांब ढांगेची. शेवटच्या फेरीत तिच्या अंगात कुठून तरी वेगळाच वेग यायचा. पहिल्यांदा खिळ्यांचे बूट आले तेव्हा एकच जोड आला. प्रतिभेच्या पायाला तो घट्ट होत होता, तरी दोघी आलटूनपालटून तोच घालायच्या, आणि राज्याच्या निवड चाचणीला प्रतिभेनं तो इंद्रायणीला दिला. "तू घाल. मला अनवाणी सवय हाय," ती म्हणाली. सवय इंद्रायणीला जास्त होती. तरी तिनं तो घातला, कारण देणारीनं मनापासून दिला होता.

वाऱ्याची गोष्ट सरांनी त्यांना कालव्यावर शिकवली. पुढं पळणारीच्या अंगावर वारं येतं, मागची त्या आडोशाला पळते. पुढचीचा दम लवकर जातो, मागचीचा शिल्लक राहतो. म्हणून दोघींनी वाटून घ्यायचं. "दोन फेऱ्या हिनं पुढं, दोन तिनं. मी वळणावर उभा असेन. पंजा उघडा दाखवला की अदलाबदल. मूठ आवळली तर आहात तिथंच राहायचं." महिनोन् महिने त्यांनी तेच केलं. शेवटी सरांच्या हाताकडं बघायचीही गरज उरली नाही. इंद्रायणी जरा बाहेर सरकायची आणि प्रतिभा आतून पुढं यायची. दोघींत शब्दसुद्धा व्हायचा नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आशियाई देशांच्या मैदानी स्पर्धेसाठी दहा हजार मीटरला दोघींची निवड झाली. सरही संघाबरोबर निघाले. स्पर्धा पूर्वेकडच्या एका बंदराच्या शहरात होती. त्या शहराचं नाव वाडीत कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून सगळे "जपानकडं" म्हणायचे. ते जपान नव्हतं. कोंडाबाईनं मुलीच्या पिशवीत नाचणीचे लाडू भरले आणि विचारलं, "तिथं थंडी आसंल का?" इंद्रायणीला माहीत नव्हतं. तिनं घोंगडी घेतली नाही, एवढीच तिची तयारी.

स्टेडियम समुद्राजवळ होतं. संध्याकाळी वारं सुटायचं आणि समोरच्या सरळ पट्ट्यात थेट तोंडावर यायचं. आदल्या दिवशी सर दोघींना मैदानावर घेऊन गेले. पंचवीस फेऱ्या. परदेशी संघांतल्या दोन बायका फार पुढच्या होत्या, त्यांच्या नादाला लागायचं नाही असं ठरलं. भांडण तिसऱ्या जागेचं होतं. "वीस फेऱ्यांपर्यंत दोघी मिळून ओढा," सर म्हणाले. "दोन तू, दोन ती. वेग खाली येऊ द्यायचा नाही, म्हणजे शेवटी जोर मारणाऱ्या बायका थकतील. वीसनंतर जिची ताकद तिची."

"वीसनंतर मी तुला बघते," प्रतिभा हसून म्हणाली.

"बघ की," इंद्रायणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौदा जणी रेषेवर उभ्या राहिल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत त्या दोन परदेशी बायका सुटून निघून गेल्या. मागं सात जणींचा घोळका राहिला आणि इंद्रायणी त्याच्या पुढं लागली. चौथ्या फेरीला वळणावर सर कठड्यापाशी दिसले. पंजा उघडा. इंद्रायणी जरा बाहेर सरकली, प्रतिभा आतून आली, दोन फेऱ्या तिनं ओढल्या. पुन्हा इंद्रायणी. पुन्हा प्रतिभा. दहाव्या फेरीपर्यंत कालव्यासारखंच चाललं होतं.

अकराव्या फेरीपासून इंद्रायणी पुढं आली ती पुढंच राहिली. दोन फेऱ्या झाल्या. वळणावर सरांचा पंजा उघडा. ती बाहेर सरकली. कुणी आलं नाही. समोरच्या पट्ट्यात वारं छातीवर आदळत होतं. ती तशीच पळत राहिली आणि मान न वळवता म्हणाली, "प्रतिभे, ये."

दोन पावलं मागून आवाज आला, "श्वास लागंना गं. एक फेरी घे अजून."

तिनं घेतली. पुढच्या वळणावर पुन्हा पंजा, पुन्हा ती सरकली, पुन्हा कुणी नाही. "ये की," ती म्हणाली. "आले, आले, जरा थांब," मागून आवाज. इंद्रायणीला वाटलं, पोरीच्या पोटात दुखतंय. खोलीत असतानाही कधी कधी तिच्या बरगडीखाली कळ यायची. आपण वेग सोडला तर ही घोळक्यात अडकेल आणि तिचं सगळं जाईल. म्हणून तिनं वेग सोडला नाही. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. घोळक्यातल्या तिघी मागं पडल्या. अठराव्या फेरीला तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. एकोणीस, वीस. आता जिची ताकद तिची. पण तिची ताकद वाऱ्यानं नेली होती.

दीड फेरी राहिली तेव्हा प्रतिभा तिच्या अंगावरून बाहेरून गेली. लांब ढांगा, खांदे सैल, जणू आत्ताच मैदानात आली. तिच्यामागून एक कझाक बाई, तिच्यामागून एक कोरियन. इंद्रायणीनं त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं आणि पायांनी ऐकलं नाही. प्रतिभा तिसरी आली. इंद्रायणी सहावी.

रेषेपलीकडं प्रतिभेनं तिला गळामिठी मारली आणि रडायला लागली. "तू व्हतीस म्हणून," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "इंदे, तू व्हतीस म्हणून." इंद्रायणीही रडली. आनंदानंच. आपल्या खोलीतलं कुणी तरी त्या पायरीवर उभं राहणार होतं.

बसमध्ये ती सरांच्या शेजारी जाऊन बसली. "सर, चुकलं माझं. प्रतिभेला बरं वाटत नव्हतं म्हणून मी ओढत राहिले, पण मला माझा दम वाटून वापरता आला नाही."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "होतं असं," ते म्हणाले. "अंदाज चुकला तुझा. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

ती मान हलवून "हो" म्हणाली. पुढं कित्येक वर्षं तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. शर्यत नव्हे. त्या माणसाची तिनं माफी मागितली होती आणि त्यानं ती घेतली होती.

मंचरला उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. प्रतिभेनं हात देऊन इंद्रायणीला वर ओढून घेतलं आणि आपल्या गळ्यातला एक हार तिच्या गळ्यात घातला. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. पुढच्या चार महिन्यांत प्रतिभेला रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली आणि ती पुण्याला गेली. खोलीत इंद्रायणी एकटी राहिली. तिचा सराव चालूच होता. पुढच्या वेळी दम कसा वाटायचा, एवढंच तिच्या डोक्यात.

आता पुढची गोष्ट घडली ती चांगदेवांच्या मायेमुळं. संघाबरोबर गेलेल्या एका डॉक्टरनं स्टँडमध्ये बसून सबंध शर्यत हातातल्या कॅमेऱ्यानं टिपली होती. त्याची एक व्हिडिओ कॅसेट प्रतिभेच्या घरी आली. चांगदेवांनी मंचरच्या फोटोवाल्याकडून तिची दुसरी प्रत काढून घेतली आणि गुरुवारी डब्याबरोबर इंद्रायणीच्या हातात ठेवली. प्रतिभा पुण्याला गेली तरी इंद्रायणीचा डबा बंद झाला नव्हता. "तुमच्या वाडीला दाखव," ते म्हणाले. "आमच्या गावानं बघितलं, तुझ्या आईनं कवा बघायचं?"

आश्रमशाळेच्या गुरुजींनी एक वर्ग मोकळा करून दिला. घोडेगावचा सोपान व्हिडिओवाला जीपमध्ये टीव्ही आणि व्ही. सी. आर. घेऊन आला. भर दुपार होती, म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. सबंध वाडी आली. म्हातारी माणसं पुढं, बाया डाव्या अंगाला, पोरं टेबलांवर. कोंडाबाईला मधोमध बसवलं. इंद्रायणी तिच्यामागं भिंतीला टेकून उभी राहिली. तिला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

डॉक्टर बसला होता तो नेमका वळणावर, रामदास सर उभे होते त्याच्या वर. त्यामुळं दर फेरीला बायका वळणावर आल्या की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सरांची पाठ आणि हात दिसायचे. इंद्रायणी पुढं दिसली की सगळी वाडी टाळ्या वाजवायची. दहा, अकरा, बारा फेऱ्या. वाडीला वाटलं आपली पोरगी जिंकणारच. "कशी पळतीय बघ," जानकू शेजाऱ्याला सांगत होता, जणू शर्यत आत्ता चालली होती.

कोंडाबाईला शर्यतीतलं काही कळत नव्हतं. ती माणसं बघत होती. चौदाव्या फेरीला ती मान वळवून म्हणाली, "इंदे, ह्यो पाठमोरा तुझा मास्तर ना? तू गेलीस की ह्यो मूठ का आवळतोय?"

"कुठं?"

"त्यो बघ. तुला हात उघडा दावतो. तू पुढं गेलीस की मिटतो. दर खेपंला."

इंद्रायणीनं बघितलं. पुढच्या फेरीला पुन्हा बघितलं. मग ती माणसांमधून वाट काढत टीव्हीपाशी गेली. "सोपानभाऊ, जरा मागं घ्या."

चित्र उलटं पळालं. बायका पाठमोऱ्या मागं मागं सरकल्या. पुन्हा सुरू. वळण. सरांचा उजवा पंजा वर, पाची बोटं पसरलेली. त्यांच्यासमोरून इंद्रायणी जाते. पंजा खाली येतो, खांद्याशी मूठ आवळली जाते. दोन पावलं मागची प्रतिभा त्या मुठीकडं बघते आणि हनुवटी खाली करते. एकदाच, समजलं म्हणून करतात तशी. आणि मग पडद्यावरची इंद्रायणी बाहेर सरकते, जागा करून देते, आणि त्या जागेत कुणी येत नाही.

"परत."

"ताई, फीत घासंल," सोपान म्हणाला. पण त्यानं घेतली. तिनं तीन वेळा बघितलं. तेरावी फेरी, चौदावी, सोळावी. सगळ्यांत तेच. वाडीला वाटलं पोरीला स्वतःला बघायची हौस आलीय. कुणी तरी म्हणालं, "बघू दे, बघू दे, तिचंच हाय." लोक हसले. तिनं सोपानला पुढं चालवायला सांगितलं आणि भिंतीपाशी परत आली. शेवटी प्रतिभा सुटली तेव्हा वाडी गप्प झाली. मग गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

बाहेर उन्हात आल्यावर कोंडाबाईनं विचारलं, "काय व्हतं ते?"

"काय नाय. खुणा असत्यात आमच्या."



दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मंचरला उतरली. सर अंगणात लुनाचा प्लग साफ करत होते. ती समोर उभी राहिली आणि तिनं उजवा हात उघडून दाखवला, मग मूठ मिटली. सरांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी प्लग खाली ठेवला.

"कुणी सांगितलं? प्रतिभेनं?"

"कॅसेटमध्ये दिसतंय."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "इंद्रायणी, बस. ऐक. दोघी सारख्या पळाल्या असतात तर एक पाचवी आली असती, एक सहावी. मेडल आलं नसतं. तिच्या शेवटच्या फेरीत जोर आहे, तुझ्या नाही. हे तुलाही माहीत आहे. मला कुणाला तरी पुढं घालायचं होतं."

"दहाव्या फेरीला ठरवलं?"

"नाही. आधीच. इथून निघताना."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पळाली असतीस का, तिच्यासाठी?"

"पळाले असते." तिचा आवाज चढला नाही. "विचारून तर बघायचं, सर. आठ वर्षं एका ताटात जेवलोय आमी. तुमी म्हणाला असता, इंदे, तिच्यासाठी वारं अंगावर घे, तर मी पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या घेतल्या असत्या. आणि सहावी आले असते तरी मला ठाऊक असतं की मी काय केलं."

"पुढच्या वर्षी तुझ्यासाठी तिला ओढायला लावणार होतो," सर म्हणाले. ते खरं होतं की त्या क्षणी सुचलं होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

"बसमध्ये मी तुमची माफी मागितली," ती म्हणाली.

सर पुन्हा प्लगकडं वळले. सरांच्या बायकोनं आतून चहा आणला. इंद्रायणीनं तो घेतला, कारण त्या बाईनं काही केलं नव्हतं. मग खोलीतली ट्रंक उचलली आणि एस. टी. स्टँडवर गेली.

लोणीला ती रविवारी गेली, प्रतिभा घरी असणार म्हणून. चांगदेव शेतावर होते. प्रतिभा पडवीत कांद्याची पात निवडत बसली होती, रेल्वेच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये. इंद्रायणीला बघून ती हसत उठली आणि अर्ध्या वाटेत थांबली. चेहरा वाचायला त्यांना कधी वेळ लागायचा नाही.

"कॅसेट बघितली," इंद्रायणी म्हणाली.

प्रतिभा खाली बसली. "सरांनी शपथ घातली व्हती. तुला सांगायचं न्हाई म्हणून. त्यांची लई इच्छा व्हती मेडलची. मी न्हाई म्हणले असते तर माझं नावच कापलं असतं त्यांनी."

"ते जाऊ दे. मूठ सरांची व्हती. मी तुला हाक मारली, तवा तू म्हणालीस, श्वास लागंना. ते कुणी शिकवलं?"

पडवीत एक कोंबडी शिरली होती, तिला हाकलायला प्रतिभेनं हात उचलला आणि तसाच ठेवला. "कुणी न्हाई," ती हळू म्हणाली. "ते माझंच व्हतं. तू मागं वळून बघशील असं वाटलं. तू बघितलंस तर मला मागं राहता आलं नसतं."

इंद्रायणीला वाटलं होतं, ती म्हणेल तेही सरांनीच शिकवलं. तसं म्हणाली असती तर इंद्रायणीनं बहुतेक विश्वास ठेवला असता, कारण ठेवायची इच्छा होती. ती म्हणाली, "आण्णांना सांग, डबा नको आता. मी मंचर सोडलं."

"इंदे, पाणी तरी पी."

ती पाणी प्यायली नाही.

सरांशिवाय ती दोन वर्षं पळाली. सकाळी धरणाच्या भिंतीपर्यंत आणि परत. तिचं घड्याळ म्हणजे आहुप्याहून सुटणारी पहिली एस. टी.; गाडी डिंभ्याला पोचायच्या आत आपण पोचायचं. राज्याच्या चाचणीला दोनदा गेली, एकदा पाचवी आली, एकदा चौथी. तिसऱ्या वर्षी गेली नाही. लोकांना वाटलं, लग्न ठरलंय म्हणून थांबली. लग्न खरंच ठरलं होतं, पण थांबली ती वेगळ्या कारणानं. घोळक्यात तिच्या मागं कुणाची पावलं वाजायला लागली की तिचं लक्ष पुढं राहतच नव्हतं. ती मागं वळून बघायची. दर फेरीला बघायची. तशानं कुणी जिंकत नाही.

नवरा कुशाबा, असवल्यांच्या घरातला. नारायणगावच्या डेपोत मेकॅनिक. शांत माणूस, हाताला कायम डिझेलचा वास. त्यानं तिला शर्यतीबद्दल एकदा विचारलं, तिनं सगळं सांगितलं, आणि त्यानं त्यावर कुणाला शिव्या घातल्या नाहीत, याचं तिला बरं वाटलं. दोन हजार दोनमध्ये जुन्नरच्या पश्चिमेला एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात ती कामाठी म्हणून लागली. भांडी, भाजी, झाडलोट. सकाळी पाणी तापेपर्यंतचा पाऊण तास तिचा स्वतःचा होता. त्या वेळात ती मुलींना पळायला न्यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पाच-सहा वर्षांत तिथल्या मुली जिल्ह्याला जायला लागल्या. कागदावर मार्गदर्शक म्हणून नाव खेळाच्या शिक्षकांचं असायचं. ते शिक्षक तसे चांगले होते. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी एकाच शर्यतीत पळणाऱ्या दोन मुलींतल्या धाकटीला वेग लावायला पुढं सोडू, मोठीला मागं ठेवू, धाकटीला काही बोलू नका.

"मला बाजूला घेऊन नका सांगू," इंद्रायणी म्हणाली. "दोघींना बोलवा आणि दोघींसमोर सांगा. धाकटी हो म्हणाली तर सोडा."

शिक्षकांना कळेना, कामाठीबाईला एवढं काय झालं. पण त्यांनी तसं केलं. धाकटी नाही म्हणाली. दोघी आपापल्या पळाल्या आणि दोघी हरल्या. परतीच्या गाडीत शिक्षक इंद्रायणीशी बोलले नाहीत. तिनं ते चालवून घेतलं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्याच्या तोंडाला चांगदेव गेल्याचं कळलं. इंद्रायणी दशक्रियेला लोणीला गेली. गावच्या ओढ्याकाठी घाटावर मांडव घातला होता. सकाळची वेळ, आंबेगाव-शिरूरची माणसं जमलेली, माईकवर कुणी कुणी श्रद्धांजली वाहत होतं. रामदास सरही आले होते, केस पिकलेले, काठी टेकत. त्यांनी लांबून हात जोडले. तिनंही जोडले आणि बायकांमध्ये जाऊन बसली.

विधी आटोपल्यावर प्रतिभा तिच्याकडं आली. अंगानं भरली होती, डोळे सुजलेले. शेजारी सतरंजीवर बसली. बारा वर्षांत त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

"आलीस," प्रतिभा म्हणाली.

"आण्णांसाठी."

"ठाऊक हाय. मी त्यांना सांगितलं व्हतं. दोन वर्षांपूर्वी. सगळं. तवा आजारी व्हते. चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मंग म्हणाले, तिच्याकडं जाऊन ये."

"मग?"

"मी गेले न्हाई. जुन्नरपर्यंत आले व्हते एकदा. स्टँडवरनं परत फिरले."

इंद्रायणीनं ओढ्याकडं बघितलं. पाणी नव्हतं, नुसती वाळू. "यायला पायजे व्हतं," ती म्हणाली.

"आता माफ करशील का?"

तिनं खरंच विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. निदान आज, त्या माणसाच्या दहाव्याला तरी. "न्हाई," ती म्हणाली. "मला तसं वाटत न्हाई अजून. वाटलं तर सांगीन."

प्रतिभेनं मान खाली घातली. पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग विचारलं, "जेवून जाशील ना?"

"जाईन."

पंगतीत प्रतिभा वाढायला आली. इंद्रायणीनं ताट पुढं केलं आणि पोटभर जेवली. पोरं किती, कितवीला, एवढं दोघींनी एकमेकींना विचारलं. मुख्य रस्त्यापर्यंत चांगदेवांच्या पुतण्यानं गाडीवर सोडतो म्हटलं. ती "नको" म्हणाली आणि चालत निघाली. मंचरहून जुन्नरची गाडी दीडला होती आणि संध्याकाळी वसतिगृहात सव्वाशे पोरींची भाजी चिरायची होती.